मिश्रीची डबी

अम्मीच्या उशाशी दोन वस्तू कायम असायच्या. एक तसबीह आणि दुसरी मिश्रीची पितळी डबी. फजरला उठली की आधी बोटावर मिश्री, मग वजू.

सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. आठवडा बाजारातून तंबाखूची पानं आणायचं काम माझ्याकडं असे. अम्मी ती तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि डबीत भरायची. आमची खाला, शेजारची पाटलीणबाई, कुंभाराची आजी, सगळ्यांचं असंच. मिश्रीच्या बाबतीत गावातल्या बायांमध्ये जातधर्म नव्हता. अब्बा पानात तंबाखू खायचे म्हणून अम्मी त्यांना बोलायची; स्वतःच्या मिश्रीला मात्र ती दात घासणं म्हणायची.

मी शिक्षक झालो. वर्गातल्या पोरांना रांगेत उभं करून त्यांचे दात बघू लागलो. १९९२ मध्ये सरकारनं दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली, तेही मी पोरांना सांगितलं. पण घरच्या तव्यापर्यंत कायदा कसा पोचणार? आणि मीही घरी कधी तोंड उघडलं नाही.

२०११ साली अम्मीला तिखट सोसेना. जेवताना तोंडाची आग व्हायची. तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरांकडं नेलं. हिरड्या खाली सरकून दातांची मुळं उघडी पडली होती आणि खालच्या ओठाच्या आत पांढरा डाग होता. डॉक्टर म्हणाले, "मिश्रीनं दात साफ होत नाहीत. ती तंबाखूच आहे. असा डाग पुढं कॅन्सरवर जाऊ शकतो." त्यांनी डागाचा तुकडा तपासणीला पाठवला. अहवाल यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस मला बाजारातली माझी पिशवी आठवत राहिली. पानं मीच आणून दिली होती.

कॅन्सर नव्हता. पण मिश्री सोडणं भाग होतं. अम्मी म्हणाली, "क्या करू बेटा, घासे बिगर पेट साफ नई होता." त्याच सुमारास माझी सहा वर्षांची मुलगी दादीची नक्कल करत डबीत बोट घालताना दिसली. अम्मीनं डबी हिसकावून घेतली आणि बराच वेळ गप्प बसली.

रमजान जवळ आला होता. मी म्हणालो, "अम्मी, रोजात चौदा तास तुला मिश्री लागत नाही. मग नंतरच का लागते?"

"रोजा अल्लाहसाठी असतो."

"आणि हे तोंड कुणी दिलंय?"

ती काही बोलली नाही. पण त्या रमजानमध्ये इफ्तारीनंतर डबी उघडली नाही. पहिले काही दिवस डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची. ईदनंतर दोनदा तिनं पुन्हा मिश्री लावली. आम्ही कुणी रागावलो नाही. तिसऱ्यांदा सुटली ती सुटलीच. पुढच्या तपासणीत डाग फिकट झाला होता.

मी तिला मिसवाक आणून दिली तेव्हा ती हसली. म्हणाली, "ही तर मर्दांची." मला एकदम शरम वाटली. पैगंबरसाहेबांनी मिसवाकवर किती भर दिला होता, हे जुम्याच्या बयानात आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. अब्बांच्या कुर्त्याच्या खिशात ती असायचीच. घरातल्या बाईच्या हातात ती कुणी दिली नव्हती. सुन्नत आमच्या खिशात आणि तंबाखू तिच्या उशाशी!

डॉक्टरांनी मिसवाकला हरकत घेतली नाही. मात्र दाढांच्या मागं ती नीट पोचत नाही, म्हणून रात्री झोपताना फ्लोराइडच्या पेस्टनं ब्रश करा आणि मग काही खाऊ नका, असं सांगितलं. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात, ते दाताचं वरचं कवच झिजवतं. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळं रात्री नुकसान जास्त. मुलीच्याही दोन दाढा किडलेल्या निघाल्या. "दुधाचे दात आहेत, पडतीलच," असं आम्ही म्हणत होतो. पण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागं येणारी दाढ कायमची असते, हे मला, शिक्षक असून, ठाऊक नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडं रमजानमध्ये तरावीहनंतर आणि सहरी संपवताना अजानच्या आधी सगळे ब्रश करतात.

अम्मी २०१९ मध्ये हृदयविकारानं गेली. उशाशी तसबीह होती आणि डबीही होती. डबीत सुईदोरा आणि बटणं होती.

आता ईदला नातेवाइकांकडं गेलो की खाला, फूफी यांच्यासाठी मी मिसवाक आणि ब्रश नेतो. काहीजणी हसतात, काहीजणी डबी पदराआड लपवतात. मी उपदेश करत नाही, अम्मीची गोष्ट सांगतो. तुमच्याही घरात अशी डबी असेल, तर तिच्या मालकिणीला दोष देण्याआधी एवढंच बघा, की तिच्या हाती दुसरं काही आपण कधी दिलं होतं का.