मेथीची मुळे आणि युरियाचे पोते

बंगळूरला बदली होऊन आल्यापासून रविवारी सकाळी शिवाजीनगरच्या रसेल मार्केटमध्ये भाजी घेणे हा माझा नेम झाला आहे. मेथीची जुडी येथे मुळांसकट मिळते. गेल्या रविवारी ती निवडताना सहज मुळांकडे लक्ष गेले. लहानपणी आई मुळांवरच्या बारीक गाठी दाखवून म्हणत असे, "हे मेथीचं स्वतःचं खत." या जुडीची पाने हिरवीगार होती, गाठी मात्र शोधूनही सापडल्या नाहीत.

एका जुडीवरून निष्कर्ष काढू नये, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास ठाऊक असते. पण विषय मनातून गेला नाही.

गाठींतील रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र वनस्पतीला वापरता येईल अशा रूपात आणून देतात. ही सेवा फुकट नाही; वनस्पती आपल्या साखरेतून त्याचा मोबदला देते. जमिनीत तयार नत्र मुबलक असेल तर ती हा खर्च कमी करते. यात आळस नाही, साधा हिशेब आहे.

खरे नुकसान होते ते शेजाऱ्यांमुळे. कुरणात नत्र वाढले की गवत उंच होते आणि शेंगांच्या कुळातील वनस्पती त्याच्या सावलीत मागे पडतात. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे 1856 साली सुरू झालेल्या कुरणाच्या प्रयोगात हे स्पष्ट दिसले. अमोनियाच्या रूपात नत्र दिलेल्या तुकड्यांतून या वनस्पती हटत गेल्या. नत्राविना स्फुरद व पालाश दिलेल्या तुकड्यांत त्या फोफावल्या. सहा खंडांतील 45 गवताळ प्रदेशांच्या अभ्यासाने 2021 मध्ये याला दुजोरा दिला आणि एक भर घातली: नत्राने केलेली हानी स्फुरद-पालाश देऊन भरून निघत नाही.

आपल्या खतधोरणाने नेमके काय केले? ऑगस्ट 1992 मध्ये स्फुरद व पालाशयुक्त खते नियंत्रणमुक्त होऊन महागली. युरिया नियंत्रित व स्वस्त राहिला. 1991-92 मध्ये नत्र, स्फुरद व पालाश यांच्या वापराचे प्रमाण 5.9 : 2.4 : 1 होते, पुढच्याच वर्षी ते 9.5 : 3.2 : 1 झाले. 2010 च्या पोषणद्रव्याधारित अनुदानातूनही युरिया वगळला गेला. आजही त्याचे 45 किलोचे पोते, कर व कडुलिंब-लेपनाचा आकार सोडून, 242 रुपयांना मिळते.

हे वाचताना मला माझीच एक जुनी टिप्पणी आठवली. गावोगावच्या बचतगटांना द्यावयाच्या साहाय्याच्या नस्तीवर तरुणपणी मी लिहिले होते, "अनुदानामुळे लाभार्थी परावलंबी होतात." टिप्पणी मान्य झाली. गटांना मिळणारी रोख रक्कम थांबली आणि तिच्याबरोबर हिशेब शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांचे मानधनही. मी दोहोंत भेद केलाच नव्हता. त्यातले पुष्कळ गट दोन वर्षांत मोडले. पाहणीला गेलो तेव्हा एका बाईंनी कोऱ्या वह्यांचा गठ्ठा पुढे ठेवला व विचारले, "साहेब, आता लिहायचं कुणी शिकवायचं?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

साहाय्य द्यावे की न द्यावे, हा प्रश्नच अपुरा होता. आज ती नस्ती पुन्हा समोर आली, तर मी एवढेच विचारीन: हे साहाय्य गाठीच्या जागी येते, की गाठीला पोसते?