किमतीची चिठ्ठी

पॅरिसच्या सेव्र-बाबिलोन मेट्रो स्थानकातून वर आलो की एक छोटी बाग लागते आणि बागेला लागूनच एक भलीमोठी इमारत दिसते. हे 'ल बाँ मार्शे'. आयफेल टॉवर पाहून झाल्यावर आम्ही सगळे मुद्दाम इकडे वळलो, कारण आपल्याकडच्या मॉलचे हे पणजोबा म्हणायला हवेत.

आत काचेच्या छतातून उजेड येतो. मधोमध पांढरे सरकते जिने एकमेकांना ओलांडत वर जातात. अत्तरे, कपडे, पर्स! किमती वाचून आम्ही हात मागेच ठेवले. पण तासभर हिंडलो तरी कोणी हटकले नाही. आज यात विशेष वाटत नाही, पण एके काळी ही नवलाई होती.

१८५२ मध्ये आरिस्तिद बुसिको या दुकानात भागीदार झाले. त्या काळी बऱ्याच दुकानांत गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून भाव सांगत, आणि आत पाऊल टाकले की काही तरी घ्यावेच लागे. बुसिकोंनी वस्तूवर किंमत लिहिली, नफा थोडा ठेवून विक्री वाढवली, नापसंत माल परत घेतला. यातले काही इतरत्रही सुरू झाले होते. त्यांनी ते एकत्र आणले. जिला घासाघीस जमत नाही, त्या बाईलाही आता श्रीमंतिणीच्याच भावाने कापड मिळू लागले. धंदा वाढला आणि १८६९ मध्ये नव्या इमारतीचे काम सुरू झाले. १८७६ मध्ये नोकरांसाठी भविष्य निर्वाह निधीही निघाला.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. जानेवारीच्या मंदीत पांढऱ्या कापडाचा सेल लावून, गरज नसलेलेही घ्यायला लावण्याची कला इथेच बहरली. एमिल झोला यांनी इथे हिंडून टिपणे काढली आणि १८८३ च्या आपल्या कादंबरीत मोठ्या दुकानापुढे मोडून पडणारे छोटे दुकानदार रंगवले. आपल्या गल्लीतल्या कापडवाल्याची काळजी आज वेगळी नाही.

बाहेर बागेत मादाम बुसिकोंचा पुतळा आहे. तिथल्या बाकावर बसून आम्ही सोबत आणलेला डबा खाल्ला आणि बोलता बोलता एका गोष्टीवर सर्वांचे एकमत झाले. दुकानदाराने किमतीची चिठ्ठी खरी लावावी आणि गिऱ्हाइकाने घरून गरजेची यादी आणावी. हे दोन कागद जागेवर असले, तर दुकान लहान असो की मोठे, कोणी फसत नाही.