मिनिमूगवरचा गंधार

ज्याचे कान लहानपणापासून मिरजेच्या तंबोऱ्यावर पोसले गेले, त्याने विजेच्या यंत्रातून निघणाऱ्या नादाकडे थोड्या संशयाने पाहावे हे स्वाभाविकच आहे. आणि मीही, मुंबईतील एका स्नेह्याच्या ध्वनिमुद्रणकक्षात मिनिमूग नावाच्या वाद्यापुढे प्रथम बसलो तेव्हा, तो संशय मनात बाळगूनच बसलो होतो. हे वाद्य १९७० साली अमेरिकेत रॉबर्ट मूग यांच्या कारखान्यात तयार झाले. त्याचे थोरले भावंड, म्हणजे मूग यांचा मोठा संच, त्याच्या आदल्याच वर्षी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या हस्ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत येऊन दाखल झाला होता. लाकडी चौकटीत ४४ पट्ट्या आणि त्यांच्या माथ्याशी उभी केलेली, नॉबांनी भरलेली काळी फळी, एवढाच मिनिमूगचा बाह्य संसार. एका वेळी एकच स्वर उमटवण्याची त्याला मुभा आहे. दोन पट्ट्या एकत्र दाबल्या तर खालच्या स्वराचा अंमल चालतो. एखाद्या पेटीवादकाला ही गैरसोय वाटली असती. मला मात्र चाली बांधायच्या नव्हत्या, तंबोरा ज्या गुणामुळे तंबोरा होतो तो गुण या यंत्रातून कितपत घडवता येतो, एवढेच अजमावायचे होते.

या वाद्यात नाद घडतो तो वजाबाकीने. ऑसिलेटरमधून निघणाऱ्या करवती आकाराच्या लहरीत मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा साऱ्या पटींचे उपस्वर नांदत असतात. दुसऱ्याची मात्रा मूळ स्वराच्या निम्मी, तिसऱ्याची एकतृतीयांश, असा तो उतरता हिशेब असतो. हा सारा जमाव जसाच्या तसा कानावर आला तर कर्कश वाटतो, म्हणून त्याची रवानगी फिल्टरकडे होते. आणि हा फिल्टर म्हणजे जकातनाकाच, कारण कटऑफच्या नॉबने आखून दिलेल्या हद्दीखालचे स्वर त्यातून बिनतक्रार सुटतात आणि हद्दीवरच्यांकडून मात्र अशी जबर वसुली होते की, दर सप्तकागणिक त्यांच्या लहरीची उंची सुमारे सोळाव्या हिश्श्यावर येते. एम्फसिसचा नॉब वाढवला की हद्दीवर नेमका उभा असलेला उपस्वर इतरांहून उठून दिसू लागतो, आणि तो फारच वाढवला तर फिल्टर स्वतःच शीळ घालू लागतो.

मी खर्जातली एक पट्टी दाबून धरली, एम्फसिस बराच वर नेला आणि कटऑफचा नॉब अगदी सावकाश फिरवू लागलो, तेव्हा प्रथम वरचा षड्ज, मग पंचम, मग त्याच्याही वरचा षड्ज आणि त्यापाठोपाठ पाचव्या पटीचा गंधार, असे एकेक स्वर त्या एकाच स्वराच्या पोटातून बाहेर येऊ लागले. गवई ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात आणि जो खर्जाच्या तारेत ऐकू यावा म्हणून डोळे मिटून बसतात, तो इथे माझ्या दोन बोटांच्या चिमटीत, मला वाटेल तितका वेळ उभा होता.

पण तंबोऱ्यातला गंधार असा उभा राहत नाही. तो येतो आणि जातो. यंत्रात अशा येण्याजाण्याचा बंदोबस्त एन्व्हलपकडे असतो. १९६४ साली हर्बर्ट डॉइच या संगीतकाराने आपल्या स्वराला आरंभ आणि अखेर असावी अशी इच्छा मूग यांच्यापाशी बोलून दाखवली, तेव्हा मूग यांनी त्यांना दुकानातून दारावरच्या घंटीचे बटण आणायला सांगितले, आणि एन्व्हलपच्या कारभाराला सुरुवात झाली ती त्या बटणापासून. मिनिमूगमध्ये असे दोन एन्व्हलप आहेत: एक आवाजाच्या लहानमोठेपणावर हुकूम चालवतो, दुसरा फिल्टरच्या हद्दीवर, आणि दोघांनाही चढण्यास लागणारा काळ, उतरण्यास लागणारा काळ व अखेरची पातळी वेगवेगळी नेमून देता येते. मी आवाजाचा चढ क्षणार्धात होईल असा ठेवला, उतार पुष्कळ लांबवला आणि अखेरची पातळी शून्यावर आणली. फिल्टरला मात्र चढण्यास अर्धाएक सेकंद दिला आणि मग हळूहळू उतरू दिले. आता पट्टी दाबताच आघात झाला, आवाज ओसरू लागला, आणि तो ओसरत असतानाच उपस्वर उमलून आले व एकामागून एक खाली उतरत विरून गेले.

खऱ्या तंबोऱ्यात हेच काम घोडीचा किंचित वक्र माथा आणि तारेखाली सरकवलेला जवारीचा दोरा करतात. तार जिथे छेडावी तिथे जो उपस्वर शास्त्राप्रमाणे उमटूच नये, तोही तंबोऱ्यात ठळकपणे उमटतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शतकापूर्वी आपल्या निबंधात नोंदवून ठेवले आहे. आणि त्याचे कारण असे की, त्या माथ्याला घासत कंपन पावणारी तार खालच्या स्वरांची शक्ती सतत वरच्या स्वरांकडे सुपूर्द करीत राहते. मिनिमूगचा फिल्टर असलेले झाकतो किंवा उघडतो; जे ओसरले त्याची भरपाई करणे त्याच्या अखत्यारीत नाही. शिवाय चार तारांचे नाद एकमेकांत मिसळू देणे या वाद्याला जमत नाही, कारण पुढची पट्टी दाबताच मागच्या स्वराचा कारभार आटोपतो.

तेव्हा तंबोऱ्याच्या जागी हे यंत्र बसवावे असे मी कोणाला सुचवणार नाही. परंतु जवारी लावायला शिकणाऱ्या तरुणाने, शक्य झाल्यास, एकदा तरी या दोन एन्व्हलपांपुढे बसावे आणि आवाजाचा उतार व उपस्वरांचा उतार एकमेकांपासून अलग करून ऐकावेत; तंबोऱ्यात हे दोन्ही एकदम कानावर येतात, आणि त्यांतला कोणता बिघडला आहे हे ओळखल्याखेरीज दोरा कुठे सरकवायचा ते उमगत नाही.