दोन नावांची गावे

इटलीला जाऊन आलेल्या मराठी माणसांची प्रवासवर्णने आपण पुष्कळ वाचली आहेत. रोमचे भग्न वैभव, फ्लॉरेन्सची चित्रदालने, व्हेनिसचे कालवे आणि पिसाचा कललेला मनोरा एवढे झाले की इटली पाहून झाली, असे आपण समजतो. त्या देशाच्या ईशान्य कोपऱ्यात, एड्रियाटिक समुद्र जिथे जमिनीत शिरून थांबतो, तिथे त्रिएस्ते नावाचे बंदर आहे. सहल कंपन्या तिकडे सहसा फिरकत नाहीत. मलाही तिकडे जाण्याचे काही कारण नव्हते. पण अब्दुस सलाम यांनी १९६४ साली त्रिएस्तेत स्थापन केलेल्या सैद्धांतिक भौतिकीच्या आंतरराष्ट्रीय केंद्रात आमच्या जावयांना वर्षभराचे काम मिळाले आणि २०२३च्या मे महिन्यात लेकीच्या बिऱ्हाडी महिनाभर राहण्याचा योग आला.

मी बेळगावची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचे घर मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. माजघरातले जाते, परसातले तुळशीवृंदावन, वडिलांची बसण्याची जागा, काही म्हणजे काही हलले नाही. फक्त राज्य बदलले. त्यामुळे सरहद्द हा शब्द ऐकला की माझे कान आपोआप टवकारतात. पुढे जे लिहिणार आहे ते त्या कानांनी ऐकलेले आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

त्रिएस्ते इटलीत असले तरी प्रथमदर्शनी इटालियन वाटत नाही. १३८२ पासून १९१८ पर्यंत, नेपोलियनच्या काळातील थोडी वर्षे वगळली तर, हे गाव ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याच्या छत्राखाली होते. १७१९ साली सहाव्या चार्ल्स बादशहाने त्याला मुक्त बंदराचा दर्जा दिला. पुढे त्याची कन्या मारिया तेरेसा हिच्या कारकिर्दीत जुनी मिठागरे बुजवून नवी पेठ वसली आणि ग्रीक, सर्ब, ज्यू, आर्मेनियन, जर्मन, स्लोव्हेन अशा नाना जातीच्या व्यापाऱ्यांनी ती गजबजली. कालव्याच्या काठाने चालत गेले की निळ्या घुमटांचे सर्बियन चर्च दिसते. थोडे पुढे १९१२ साली बांधलेले ज्यूंचे भव्य प्रार्थनामंदिर. मुख्य चौकाला तीन बाजूंनी प्रासाद आहेत, चौथी बाजू थेट समुद्राला खुली. हिवाळ्यात ‘बोरा’ नावाचा वारा डोंगरावरून असा कोसळतो म्हणतात, की माणसांना धरायला रस्त्याच्या कडेने दोर बांधावे लागत.

त्याच चौकाच्या कडेला लॉइड या आगबोट कंपनीचा जुना प्रासाद आहे. १८३३ साली निघालेल्या या कंपनीच्या बोटी सुएझमार्गे आपल्या मुंबईला येत. १९३१च्या डिसेंबरात गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी ब्रिंदिसीला ज्या ‘पिल्स्ना’ बोटीवर चढले, ती याच कंपनीची. आज त्या प्रासादात प्रांतिक सरकारची कचेरी आहे.

इथली बोली ही मूळची व्हेनिसच्या वळणाची, पण तिच्यात जर्मन आणि स्लाव्ह शब्द खुशाल नांदतात. आपण तूप, अडकित्ता आणि अक्का हे शब्द कानडीकडून घेतले आणि घेतल्याचे विसरूनही गेलो, तसेच. कॉफीचीसुद्धा परिभाषा निराळी: साऱ्या इटलीत ज्याला जे म्हणतात ते इथे म्हणत नाहीत, आणि मिलानहून आलेला इटालियनसुद्धा पहिल्या दिवशी गोंधळतो. इथला मोठा कादंबरीकार इतालो स्वेव्हो. त्याचे खरे नाव एत्तोरे श्मित्स. शिक्षण जर्मनमध्ये, घरी बोली, लेखन इटालियनमध्ये. टोपणनावाचा अर्थच मुळी ‘इटालियन स्वाबियन’, म्हणजे एका नावात दोन कुळे. त्याला इंग्रजी शिकवायला आलेला शिक्षक होता १९०५ साली पोटापाण्यासाठी या गावी आलेला जेम्स जॉइस.

ही सरमिसळ ऐकून प्रवासी खूश होतो. मीही झाले. पण लेकीबरोबर बाजारात जाताना एक कोपऱ्यावरची मोठी इमारत तिने दाखवली आणि माझे खूश होणे तिथेच थांबले.

या गावाचे दुसरे नाव आहे ‘त्र्स्त’. स्लोव्हेन भाषेत ते असेच, मध्ये स्वर न घेता, उच्चारतात. मराठी कानाला ते ‘त्रस्त’ ऐकू येते, आणि इतिहास वाचल्यावर आपले कान फारसे चुकत नाहीत असे वाटते. मागच्या डोंगरावरची खेडी पूर्वापार स्लोव्हेन आणि शहरातही त्यांची वस्ती मोठी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०४ पर्यंत, त्यांनी येथे ‘नारोदनी दोम’ म्हणजे लोकसदन उभारले होते. नाट्यगृह, वाचनालय, बँक, उपाहारगृह असे सारे एका छपराखाली. मागच्या पिढीतल्या आपल्या वाचनालयांची आणि मंगल कार्यालयांची एकत्र कल्पना करावी. पहिल्या महायुद्धानंतर गाव इटलीकडे आले आणि १३ जुलै १९२० रोजी फॅसिस्टांनी हे सदन जाळले. १९२३च्या कायद्याने स्लोव्हेन शाळा टप्प्याटप्प्याने बंद पाडल्या. नंतर आडनावांची पाळी आली. ‘वोदोपिवेत्स’ म्हणजे पाणी पिणारा. त्याचे सरकारी कागदावर ‘बेविलाक्वा’ झाले. अर्थ तोच, माणूस तोच, पण आजोबांची हाक गेली. जळत्या सदनाकडे पाहणाऱ्या गर्दीत सहा वर्षांचा एक मुलगा होता, बोरिस पाहोर. तो पुढे नाझींच्या छळछावण्यांतून वाचला, मोठा लेखक झाला, आयुष्यभर स्लोव्हेनमध्येच लिहीत राहिला आणि २०२२ साली १०८व्या वर्षी त्रिएस्तेतच वारला.

ती इमारत नंतर दुरुस्त झाली आणि तिथे विद्यापीठाची दुभाषे आणि अनुवादक घडवणारी शाळा भरू लागली. भाषेपायी जळालेल्या घरात भाषांतर शिकवतात, हे कळल्यावर मी फूटपाथवर क्षणभर उभीच राहिले. जळिताला शंभर वर्षे झाली त्या दिवशी, १३ जुलै २०२० रोजी, ही वास्तू स्लोव्हेन समाजाला परत देण्याचा करार झाला.

एवढ्यावर थांबले असते तर बेळगावच्या माणसाला सोयीचे झाले असते. आपल्या मनात एक साचा तयारच असतो: एक बाजू सोसणारी, एक बाजू लादणारी. पण १९४५च्या मे महिन्यात टिटोच्या सैन्याने त्रिएस्ते घेतले तेव्हा चाळीस दिवसांत अनेक माणसे पकडली गेली ती परतली नाहीत. मागच्या डोंगरातल्या खोल नैसर्गिक विवरांत कित्येकांना ढकलण्यात आले. १९४७च्या तहाने या मुलखाचे ‘मुक्त प्रदेश’ म्हणून दोन भाग झाले आणि १९५४ साली एक भाग इटलीकडे, दुसरा युगोस्लाव्हियाकडे गेला. इस्त्रियाच्या किनाऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या व्हेनिसच्या वळणाचे बोलणारे लोक घरे सोडून निघाले. इतिहासकार अडीच लाखांच्या पुढची संख्या सांगतात. पुढे परत न्यायच्या आशेने त्यांनी ठेवलेले सामान त्रिएस्तेच्या जुन्या बंदरातल्या १८ क्रमांकाच्या गोदामात वर्षानुवर्षे पडून राहिले. मी त्याची छायाचित्रे पाहिली. खुर्च्यांची चळत छताला टेकलेली, कपाटांवर खडूने लिहिलेली कुटुंबांची नावे, भांडी, शिवणयंत्रे, शाळेच्या वह्या. कोणाची बाजू खरी, हा प्रश्न त्या खुर्च्यांसमोर विचारवत नाही.

त्रिएस्तेहून छोट्या बोटीने अर्ध्या तासात मुज्जाला जाता येते. इस्त्रियातले इटलीत उरलेले एवढेच एक गाव. होड्यांची चिमुकली गोदी, तिच्याभोवती रंगीत घरे, व्हेनिसचा सिंह, वाळत घातलेली जाळी. जेवण उत्तम, गाव सुंदर, आणि मागच्या टेकड्यांवरची त्याची काही वाड्यावस्ती १९५४ साली रेषेपलीकडे गेलेली. त्याच किनाऱ्यावर थोडे दक्षिणेला, आता स्लोव्हेनियात असलेल्या पिरानमध्ये, पाट्या उलट क्रमाने लागतात: आधी स्लोव्हेन, खाली इटालियन. तिथल्या चौकात व्हायोलिनवादक तार्तिनीचा पुतळा आहे. १६९२ साली तो जन्मला तेव्हा गाव व्हेनिसचे होते.

एक दिवस आक्विलेयालाही गेलो. इ. स. पूर्व १८१ मध्ये रोमनांनी वसवलेले आणि पुढे हूण राजा अट्टिलाने उद्ध्वस्त केलेले हे नगर आज एक खेडे आहे. पण तिथल्या चर्चमध्ये चौथ्या शतकातली रंगीत दगडी फरशी अजून पाहायला मिळते. मासे, कोळी, कोंबडा आणि कासव यांची झुंज, सारे पायांखाली, काचेच्या वाटेवरून पाहायचे. मला मात्र तिथली दुसरी गोष्ट लागून राहिली. २८ ऑक्टोबर १९२१ रोजी इथे ११ अनोळखी सैनिकांच्या शवपेट्या मांडल्या होत्या आणि त्यांतून एक रोमच्या स्मारकासाठी निवडायचे काम मारिया बेर्गामास या आईकडे दिले होते. तिचा मुलगा जन्माने ऑस्ट्रियाचा प्रजाजन. तो ऑस्ट्रियाचे सैन्य सोडून इटलीच्या बाजूने लढला आणि मेला. सरहद्दीवरच्या आईला असा मुलगा असतो. त्याचे देशावरचे प्रेम कोणत्या देशावरचे, हे तिने कोणाला सांगावे? (इटलीच्या मातीत आपलीही माणसे आहेत. आमच्या बेळगावात ज्या मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, तिच्या नामदेव जाधवांनी १९४५च्या एप्रिलात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो सेनिओ नदीवर, याच किनाऱ्याच्या दक्षिणेला.)

आणि गोरित्सिया. या एका गावासाठी मी पुन्हा एवढा प्रवास करीन. १९४७च्या सप्टेंबरात रेषा आखली तेव्हा गाव इटलीत राहिले आणि १९०६ साली बांधलेले त्याचे रेल्वे स्टेशन पलीकडे गेले. स्टेशनसमोरच्या चौकातूनच सीमा गेली. मिरेनच्या स्मशानभूमीत तर ती थडग्यांमधून गेली. तारेच्या एका बाजूला मयत, दुसऱ्या बाजूला शोक करणारे नातलग. आपले गाव गमावलेल्या युगोस्लाव्हियाने रेषेपलीकडे १९४८ पासून ‘नोव्हा गोरित्सा’ म्हणजे नवे गोरित्सिया बांधायला घेतले. १३ ऑगस्ट १९५०चा रविवार लोक अजून हसत सांगतात. आप्तांना भेटू द्या म्हणून पलीकडून जमलेल्या हजारोंचा लोंढा पहाऱ्याला न जुमानता इकडे घुसला, दिवसभर भेटीगाठी झाल्या, दुकाने रिकामी झाली, आणि संध्याकाळी लोक परतले ते हातात केरसुण्या घेऊन, कारण तिकडे केरसुणीचा दुष्काळ होता. त्याला ‘केरसुण्यांचा रविवार’ म्हणतात. रेषेवर मोठमोठे विचार मांडणाऱ्यांनी ही केरसुणी विसरू नये, असे मला एका गृहिणीच्या अधिकाराने वाटते.

स्लोव्हेनिया युरोपीय संघात आला त्या २००४ साली चौकातले कुंपण निघाले; २००७च्या डिसेंबरात तपासणीही संपली. मी गेले तेव्हा मुले सायकलवरून देश ओलांडत होती. २०२०च्या साथीत मात्र तिथे पुन्हा जाळी उभी राहिली होती आणि माणसे जाळीशी येऊन एकमेकांशी बोलत होती. मी परतल्यावर, २०२३च्या ऑक्टोबरात, इटलीने तपासणी पुन्हा सुरू केली. आणि तरीही २०२५ साली ही दोन्ही गावे मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली.

आमच्याकडे तारेचे कुंपण पडले नाही. आंदोलने झाली, माणसे गेली, पण स्मशानातून सीमा गेली नाही. तुलना फार ताणू नये, हे मी स्वतःला तिथे वारंवार बजावत होते.

परतण्याच्या आदल्या रविवारी जावयांनी आम्हाला डोंगरावरच्या एका ‘ओस्मित्सा’त नेले. १७८४ साली दुसऱ्या जोसेफ बादशहाने शेतकऱ्यांना घरची दारू आणि घरचे पदार्थ वर्षातून आठ दिवस विकण्याची मुभा दिली. ‘ओसेम’ म्हणजे आठ. अजूनही रस्त्यावर पानांची डहाळी टांगलेली दिसली की समजावे, आत अंगणात बाके मांडली आहेत. खाली समुद्र, वर द्राक्षांचा मांडव. वाढणाऱ्या आजीबाई सत्तरीच्या असाव्यात. आमचे बोलणे ऐकून त्यांनी लेकीला विचारले, ही कोणती भाषा? मराठी म्हटल्यावर, किती लोक बोलतात? आठ कोटींच्या वर. त्यांनी हातातले ताट खाली ठेवले आणि त्या हसल्या. स्लोव्हेन बोलणारे वीस-बावीस लाख.

मी लेकीकरवी त्यांना सांगितले, की मी तीस वर्षे मराठी शाळेत शिकवले. आमच्या शाळेत पूर्वी एका इयत्तेच्या तीन तुकड्या असत, मी निवृत्त झाले तेव्हा एक उरली होती, तीही भरत नव्हती. आजीबाईंनी विचारले, शाळा सरकारने बंद केली का? मी म्हटले, नाही, आपल्याच लोकांनी मुले दुसरीकडे घातली. त्यांना ते नीट उमगले नाही. पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाल्या, आमच्या नातवाच्या स्लोव्हेन शाळेत आता अर्धी मुले इटालियन घरांतली आहेत. त्यांच्या आईबापांना वाटते, शेजाऱ्याची भाषा यावी. एवढे सांगून त्या दुसऱ्या बाकाकडे गेल्या. लेक काही बोलली नाही, मीही नाही. नात सात वर्षांची, बंगळूरला इंग्रजी शाळेत जाणारी. ती पावाबरोबरची उकडलेली अंडी सोलण्यात गुंतली होती.

उतरताना बसच्या खिडकीतून ती पाट्या वाचत होती. रोमन अक्षरे तिला सरावाची. ओपिचिना, ओपचिने. स्गोनिको, झ्गोनिक.

“आजी, इथल्या गावांना दोन दोन नावं कशाला?”

“दोन प्रकारची माणसं राहतात, म्हणून.”

“मग तुझ्या गावाला किती?”

मी बोटांवर मोजली. बेळगाव. २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी. आणि जुन्या शिलालेखांतले वेणुग्राम. तीन.

तिने तिन्ही नावे एकदा म्हणून पाहिली, वेणुग्राम दोनदा. तेवढ्यात पुढची पाटी आली आणि ती वाचू लागली: प्रोसेक्को, प्रोसेक.