मुठीएवढे धरण

महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याला पाचशे मिलिमीटरही दुर्लभ. सांगलीत २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाखाली कृष्णा ५७ फुटांवर चढली आणि जतचा पूर्वभाग त्याही वर्षी पाण्यासाठी आसुसलेलाच होता. पाण्याचा हा विषम व्यवहार पाहिला, की देहातील पाण्याच्या व्यवस्थेचा आम्हांला हेवा वाटतो.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, बरगड्यांच्या आडोशाला, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे १० लाख गाळण्या. हृदय मिनिटाला जे पाच लिटर रक्त लोटते, त्यातील एक लिटरहून अधिक यांच्याकडे येते. केशवाहिन्यांच्या गुंतवळ्यात रक्तपेशी व प्रथिने मागे राहतात. पाणी, क्षार, साखर, युरिया खाली उतरतात. असा द्रव दिवसाला १८० लिटर गाळला जातो, पण बाहेर पडतो जेमतेम दीड लिटर. उरलेला नलिकांच्या भिंती शोषून रक्ताच्या स्वाधीन करतात. आधी सारेच बाहेर काढायचे आणि मग हवे तेवढे वेचून घ्यायचे! सुपात धान्य पाखडणाऱ्या आमच्या मायबहिणींना ही रीत उलटी वाटेल. परंतु न वेचलेले ते टाकाऊ, इतका साधा हा हिशेब आहे.

रक्तातील क्षारांचे प्रमाण किंचित वाढले तरी मेंदूला कळते. तहान लागते आणि पीयूषिका ग्रंथीतून एक संप्रेरक सुटते. त्याच्या आज्ञेने नलिकांच्या शेवटच्या भागात पाण्याची सूक्ष्म द्वारे खुली होतात, पाणी माघारी वळते, लघवी थोडी व गडद होते. या द्वारांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्री यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. मात्र काटकसरीलाही सीमा आहे. देहातील मळ वाहून नेण्यास दिवसाला अर्धा लिटर तरी पाणी खर्चावेच लागते. उसाच्या फडात उन्हातान्हात राबणारा, पाणी कमी पिणारा आणि अंगदुखीसाठी दुकानातून गोळ्या आणून रोज घेणारा मजूर आम्ही पाहतो, तेव्हा चिंता वाटते. त्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आखडतात, आणि तेही नेमके पाण्याच्या टंचाईत.

जुन्या हिब्रू स्तोत्रकारांनी मनाच्या गाभ्यासाठी मूत्रपिंडाचाच शब्द योजला. मराठी शास्त्रात तेथे 'अंतर्याम' आले. सेमिनरीत हे शिकताना आम्हां विद्यार्थ्यांत हशा पिकला होता.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ मूळचे जतकडचे. मधुमेहाने त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी केली. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी चार तास, ते मिरजेत यंत्राशी जखडलेले असतात. असे पहिले यंत्र विलेम कोल्फ यांनी १९४३ च्या सुमारास, नाझींच्या ताब्यातील नेदरलँड्समध्ये, सॉसेजच्या वेष्टनाचा कागद वापरून उभे केले. यंत्र रक्त शुद्ध करते. पण आठ तासांत आठवड्याचे काम कसे उरकणार? मधल्या दिवसांत प्यालेले पाणी अंगातच साठते, पावले सुजतात, धाप लागते. म्हणून ज्यांच्यासाठी आईने दोन कोसांवरून घागर वाहिली, ते गृहस्थ आज कृष्णाकाठी राहून पेल्याने पाणी मोजतात. त्यांच्या पत्नी आमटी, ताक, चहा सारे त्याच मापात धरतात. परवा आम्ही भेटीस गेलो, तेव्हा त्यांनी आमच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि तो पतीच्या नजरेआड राहावा म्हणून खुर्ची किंचित फिरवून दिली.