पाकीट उलटून बघा

आजची पोस्ट डोळ्यांच्या मेकअपवर आहे. हसू नका. शेवटपर्यंत वाचलीत तर कळेल की ही नेहमीसारखीच पोस्ट आहे.

तर झालं असं, लेकीच्या कॉलेजचं गॅदरिंग होतं आणि तिला ‘स्मोकी आय’ करायचा होता. पार्लरवाली पाचशे म्हणाली. लेक म्हणाली, मी रील बघून घरीच करते. मी म्हटलं, आधी माझ्यावर करून बघ, मग स्वतःवर.

सामान दोन ठिकाणांहून आणलं. मेडिकलमधून नावाजलेल्या कंपनीची काजळ पेन्सिल, आणि बाजारपेठेतल्या कटलरीच्या दुकानातून 12 रंगांची आयशॅडो पॅलेट, 120 रुपयांना. लेकीने ठरवलं, डाव्या डोळ्याला पॅलेट, उजव्याला नुसती पेन्सिल. कुठलं बरं दिसतं ते बघू.

पहिल्या फेरीत तिने डाव्या पापणीवर थेट काळा रंग थापला. आरशात बघितलं तर कुणीतरी ठोसा मारल्यासारखी दिसत होते. नवरा म्हणाला, “कुठे आंदोलनाचं कव्हरेज होतं का?” पुसून पुन्हा केलं. आधी पापणीवर थोडी पावडर, मग घडीत तपकिरी, आणि काळा फक्त पापणीच्या केसांलगत. मग ब्रशने कडा विरवत बसायचं, रेघ दिसेनाशी होईपर्यंत. भुकटी गालावर सांडते, म्हणून आधी डोळे आणि नंतर चेहरा. उजव्या डोळ्याला पेन्सिल ओढून इअरबडने वरच्या बाजूला पसरवली, झालं काम. खरं सांगते, बेचाळिसाव्या वर्षी आरशात बघून बरं वाटलं.

रात्री डावा डोळा खाजायला लागला. सकाळी पापणी सुजून डोळा अर्धा मिटलेला. उजवा ठणठणीत.

डॉक्टरांनी तपासलं, थेंब दिले आणि विचारलं, “काय लावलं होतं? त्यात काय काय होतं ते बघू, पाकीट आणा.” मी पॅलेट पर्समधून काढून दिली. त्यांनी उलटली. मागे काहीच नाही. कंपनीचं नाव-पत्ता नाही, बॅच नंबर नाही, मुदत नाही, घटकांची यादी नाही. पुढे फक्त एका गोऱ्या बाईचा फोटो. डॉक्टर म्हणाले, “मग कशाची ॲलर्जी ते मी कसं सांगू? आणि पुढच्या वेळी काय टाळायचं ते तुम्हाला तरी कसं कळणार?”

मला लाज वाटली. खरिपाच्या तोंडावर दर वर्षी मी बातमी करते, बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर बघा, पक्कं बिल घ्या. आणि डोळ्यात घालायची वस्तू मी न उलटता, बिल न घेता आणली. त्या पॅलेटमध्ये विषच होतं असा माझा दावा नाही. मलाच एखाद्या रंगाचं वावडं असेल. पण ते कळायला मार्गच नाही, हा माझा मुद्दा आहे.

कायदा नाही असं समजू नका. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 चा आहे, सौंदर्यप्रसाधनांचे वेगळे नियम 2020 चे. उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत आणि घटक लेबलवर हवेतच. रंगासाठी शिसं किंवा आर्सेनिकची संयुगं वापरायला बंदी आहे. ती उगाच नाही. परंपरेने सुरमा ज्या दगडापासून करत, तो गॅलिना म्हणजे शिशाचंच खनिज. अमेरिकेत 1933 च्या सुमारास पापण्यांच्या एका रंगाने बायकांचे डोळे गेले, एक बाई दगावली. तिथे 1938 साली सौंदर्यप्रसाधनं कायद्याखाली आली, त्यामागे हेही एक कारण होतं.

मग फट कुठे आहे? बनवणाऱ्याला परवाना लागतो. विकणाऱ्याला मात्र औषध दुकानासारखा विक्री परवाना लागत नाही. निरीक्षक कुठल्याही दुकानातून नमुना घेऊ शकतात, पण त्यासाठी आधी त्या दुकानात जावं लागतं. मेडिकलचा पत्ता सरकारदरबारी नोंदलेला असतो. कटलरी, जत्रेतला स्टॉल, आठवडी बाजारातलं गाठोडं यांची नोंद कोण ठेवणार?

दुकानदाराकडे गेले. वर्षानुवर्षांची ओळख. डोळा बघून तो चपापला. “ताई, माल होलसेलवाल्याकडून येतो, कच्च्या बिलावर. पोरींना शंभरात पाहिजे असतं. मी नाही ठेवला तर शेजारचा ठेवतो.” खोटं बोलत नव्हता. त्याची स्वतःची पोरगी गल्ल्यावर बसली होती, डोळ्यांना तेच लावून.

बातमी लिहिली. वरून उत्तर आलं, “बायकांचा विषय आहे, महिला पुरवणीत टाकू, ‘उन्हाळ्यात डोळ्यांची निगा’ असं काहीतरी करून द्या.” मी नाही करून दिलं. म्हणून हे इथे लिहितेय. दुधात भेसळ झाली तर पहिलं पान, आणि डोळ्यात काय गेलं ते पुरवणीत, हे गणित मला अजून जमलेलं नाही.

अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात अर्ज दिलाय, पॅलेटच्या फोटोसह. पोचपावती घेतली आहे. पुढे काय होतं ते इथेच लिहीन.

तोवर एवढंच करा. पाकीट उलटा. नाव-पत्ता, बॅच, मुदत, घटक यातलं काही नसेल तर परत ठेवा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर थांबा. काजळ एकमेकींचं वापरू नका. बिल मागा, दुकानदार हसला तरी मागा.

लेकीने गॅदरिंगला नुसत्या पेन्सिलीचाच स्मोकी आय केला. छान दिसत होती. मी गॉगल लावून पहिल्या रांगेत बसले होते.