जंत, संकोच आणि जयणा

ज्या दुखण्याविषयी चारचौघांत बोलता येते त्याचा उपचार लवकर होतो. ज्याविषयी घरातल्या घरातही बोलता येत नाही ते दुखणे घरातच मुक्काम करते. गेल्या चातुर्मासात नरडाण्याच्या आमच्या घरी याचा अनुभव आला. विषय संकोचाचा आहे. परंतु आपल्या एकत्र कुटुंबांतून तो वारंवार उद्भवत असावा आणि तितक्याच वारंवार झाकला जात असावा, म्हणून लिहिण्याचे धाडस करीत आहे.

माझा सहा वर्षांचा नातू रात्री झोपेतून उठून रडू लागला. दिवसा चिडचिड आणि रात्री बैठकीच्या जागी असह्य खाज. सूनबाईंनी ते माझ्या पत्नीला सांगितले, पत्नीने मला सांगितले आणि वर बजावले की, धाकट्या भावाच्या घरात हे जाऊ देऊ नका. बंधूंचे कुटुंब त्याच वाड्यात राहते, स्वयंपाक एकत्र होतो आणि घरात एकूण अकरा माणसे आहेत. तरीही ‘यांच्या मुलाला जंत झाले’ हे वाक्य आम्हाला नको होते.

गोड जास्त झाले, असे निदान करून नातवाचे पेढे बंद झाले. ओवा व गूळ झाला, वावडिंगाचे चूर्ण झाले. मी मात्र स्वतःला जाणकार समजून औषधांच्या दुकानातून जंताची एक गोळी आणली आणि डॉक्टरांना न विचारता नातवाला दिली. काही दिवस मूल शांत झोपले. महिना भरायच्या आत तीच खाज आणि तेच जागरण पुन्हा सुरू झाले.

मग डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, ‘‘गोळी किती जणांनी घेतली?’’ मी म्हणालो, ‘‘ज्याला त्रास होता त्याने.’’ ते हसले आणि त्यांनी सारा प्रकार समजावून सांगितला. हे सुताच्या धाग्यासारखे बारीक, पांढरे जंत. मादीची लांबी साधारण एक सेंटिमीटर. माणूस झोपला की ती आतड्यातून बाहेर येऊन गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर हजारो अंडी घालते. म्हणूनच खाज रात्री सुटते. मूल खाजवते, अंडी नखांत शिरतात, नखे तोंडात जातात आणि चक्र पुन्हा सुरू होते. ही अंडी काही तासांतच संसर्गक्षम होतात आणि चादरी, अंतर्वस्त्रे, खेळणी व दाराच्या कड्या यांवर दोन ते तीन आठवडे जिवंत राहू शकतात. औषध जंतांना मारते. अंड्यांवर त्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा घ्यावी लागते, आणि घरातील सर्वांनी एकाच वेळी घ्यावी लागते, मग त्रास असो वा नसो. अनेकांना हे जंत असूनही काहीच जाणवत नाही. आमच्यासाठी त्यांनी अल्बेंडाझोल लिहून दिले. घरात कोणी गर्भवती असेल अथवा दोन वर्षांखालील बालक असेल, तर त्यांच्याबाबत डॉक्टरांनीच ठरवायचे, हेही बजावले.

माझ्या मनातील दोन गैरसमजही त्या दिवशी गेले. गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. ते अंडी पोटात गेल्यानेच होतात. आणि हा गरिबीचा अथवा गलिच्छपणाचा आजार नव्हे. अमेरिकेसारख्या संपन्न देशात आतड्यातील कृमींपैकी हाच सर्वाधिक आढळतो. कुत्र्या-मांजरांकडूनही तो येत नाही. माणूस हाच त्याचा आश्रय.

शासनाने २०१५ साली राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू केला. त्या दिवशी शाळा-अंगणवाड्यांतून मुलांना मिळणारी गोळी आपण जरूर देऊ द्यावी. मात्र तो कार्यक्रम मुख्यत्वे मातीतून पसरणाऱ्या कृमींसाठी आहे. घरात सुताचे जंत शिरले, तर शाळेतील एका मुलाच्या एका गोळीने घर मोकळे होत नाही.

आता बंधूंना सांगणे भागच होते. सायंकाळी दुकान वाढवल्यावर मी विषय काढला. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, ‘‘दादा, आमच्या छोटीलाही होते. दोन महिने झाले. दोनदा गोळी दिली. तुम्हाला सांगायची लाज वाटली.’’ एका छताखाली दोन्ही कुटुंबे वेगवेगळ्या तारखांना गुपचूप गोळ्या देत होती आणि मुले एकमेकांना जंत परत करीत होती! मी आयुष्यभर बँकेत हिशेब तपासले. एक नोंद दडवली की ताळेबंद जुळत नाही, हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. पण घरात मी स्वतःच नोंद दडवली होती.

खरी अडचण पुढे होती. आमच्या मातोश्री, ज्यांना सारे घर ‘बाई’ म्हणते, ऐंशी पार केलेल्या. दोन्ही वेळचे प्रतिक्रमण आणि चौविहार कधी चुकवलेला नाही. त्यांनी गोळीला साफ नकार दिला. ‘‘कृमी म्हणजे बेइंद्रिय जीव. मला काही त्रास नाही. ऐन पर्युषणाच्या तोंडावर मी जाणूनबुजून त्रस जीवांची हिंसा करू?’’ आम्ही निरुत्तर झालो. तत्त्वार्थसूत्रानेही कृमींची गणना दोन इंद्रियांच्या जीवांत केलेली आहे. बाईंचे म्हणणे चुकीचे कसे म्हणावे? आणि त्यांनी गोळी घेतली नाही, तर त्यांच्याच कुशीत झोपणारी दोन्ही मुले पुन्हा त्याच चक्रात सापडण्याचा धोका होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्थानकात साध्वीजींपुढे शंका ठेवली. औषध घ्या किंवा घेऊ नका, असे काहीच साध्वीजी बोलल्या नाहीत. तो त्यांचा आचारच नव्हे. त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘श्राविकाजी, पहिल्या अणुव्रताचा पाठ आज सावकाश म्हणून पाहा.’’ आपल्या स्थानकवासी परंपरेतील श्रावक प्रतिक्रमणात या व्रताच्या पाठात निरपराध त्रस जीवांना संकल्पपूर्वक मारण्याचा त्याग आहे. परंतु शरीराच्या आत पीडा देणाऱ्या जीवांबाबत गृहस्थाला सूट ठेवलेली आहे. बाई तो पाठ रोज म्हणत होत्या. त्या सायंकाळी त्या तेथे थांबल्या.

प्रतिक्रमण आटोपल्यावर त्यांनी आम्हा सर्वांना बसवले. ‘‘गोळी मी घेईन आणि आलोचना करीन. पण सूट म्हणजे मोकळीक नव्हे. तुमच्या हलगर्जीपणाने ते जीव पुन्हा जन्मायचे आणि आपण पुन्हा मारायचे, हे पाप माझ्याकडून वारंवार होणार नाही. एकदा घेऊ ते शेवटचे. त्यासाठी घरात जयणा पाळली गेली पाहिजे.’’ डॉक्टरांनी जो प्रतिबंध म्हणून सांगितला, तोच बाईंनी धर्म म्हणून हाती घेतला. आणि त्यापुढे कोणाचे काही चालले नाही.

एकाच दिवशी अकरा जणांनी पहिली मात्रा घेतली. त्याआधी सर्वांची नखे कापली गेली. पुढचे दोन आठवडे बाईंनी घर चालवले. सकाळी उठताच प्रत्येकाची अंघोळ आणि रात्रीच्या अंतर्वस्त्रांचा बदल, कारण अंडी रात्री घातली जातात आणि सकाळच्या अंघोळीने त्वचेवरून बरीच धुतली जातात. शौचानंतर, जेवणापूर्वी व स्वयंपाकापूर्वी साबणाने हात, नखांच्या आतील बाजूसह. मुलांना रात्री अंगासरशी चड्डी. चादरी, टॉवेल व कपडे कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात. बाईंची अट एवढीच, की पाणी गाळलेले असावे आणि ते मोरीत सोडण्यापूर्वी निवू द्यावे. जमीन कोरडी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायची.

अंथरूण झटकायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा सुनांना ते नवे वाटले. झटकल्याने अंडी धुळीबरोबर उडतात. बाई म्हणाल्या, ‘‘यात नवे काय? पडिलेहण करताना वस्त्र कधी झटकतात का?’’ तेव्हापासून चादर हलक्या हाताने गुंडाळून थेट बादलीत जाऊ लागली.

तरी एक वस्तू आमच्या नजरेतून सुटली होती. बाईंचे सामायिकाचे लोकरी आसन. दोन्ही मुले रोज त्यावर लोळत असत आणि पावित्र्यामुळे त्याला कोणी हात लावीत नसे. पाचव्या दिवशी बाईंनीच ते धुवायला काढून दिले. ज्या वस्तूला आपण पवित्र मानतो, तिच्या स्वच्छतेचा विचार आपण सर्वांत शेवटी करतो, हे मला त्या दिवशी उमगले.

संवत्सरीच्या उपवासामुळे दुसरी मात्रा, डॉक्टरांना विचारून, पारण्याच्या दिवशी घेतली. महिन्याने डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही तीन सकाळी, मुले शौचाला व अंघोळीला जाण्यापूर्वी, पारदर्शक चिकटपट्टी त्वचेला लावून ती काचपट्टीवर चिकटवून तपासणीला दिली. साध्या शौच-तपासणीत ही अंडी बहुधा सापडत नाहीत, म्हणून ही पद्धत. तिन्ही निकाल निर्दोष आले. नातू आता रात्रभर झोपतो. पेढेही पुन्हा सुरू झाले आहेत.

त्या संवत्सरीला बंधूंशी क्षमापना करताना दरवर्षीचे शब्द या वेळी केवळ रिवाजाचे राहिले नाहीत. आम्ही एकमेकांपासून जंत लपवले होते आणि शिक्षा मुलांनी भोगली होती. वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. घरात एका मुलाला हा त्रास दिसला तर त्याच दिवशी साऱ्या घराला सांगावे, डॉक्टरांच्या सल्ल्याने सर्वांनी एका वेळी औषध घ्यावे, दुसरी मात्रा चुकवू नये आणि मुलाला रागावू नये. त्यात त्याचा काही दोष नाही. औषध हे गृहस्थाची निरुपायाची हिंसा आहे. ती पुन्हा करावी लागू नये यासाठी झिजलेले हात हीच खरी अहिंसा.

लिहिण्याच्या ओघात जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.